आदर्श मातेचा वायरमन

मी स्टुलावर उभा होतो, टेस्टर दातात धरलेला, दोन्ही हात पंख्याच्या वाटीत. आणि खाली आमच्या दारात सोलापूरहून आलेली मातृगौरव समिती चपला काढत होती. पत्रात त्यांनी अकराची वेळ दिली होती. आले दहाला. ठरल्यापेक्षा तासभर आधी गेलं की घर खरं कसं आहे ते दिसतं, अशी त्यांची पद्धत असल्याचं नंतर कळलं. मी साडेदहाला घरातून नाहीसं व्हायचं ठरलं होतं. पण आई म्हणाली, पाहुणे यायचेत आणि पंखा आचके देतोय, तेवढा बघून जा. म्हणून मी चढलो होतो.

पुढे उपळकर सर होते, निवृत्त मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचा झब्बा, काखेत फाइल. त्यांच्या मागे चिटणीस लीलाताई काटकर, हातात वही आणि दोन रंगांची पेनं. सरांनी बसायच्या आधीच वर बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

आई पदराला हात पुसत राहिली. ती काय म्हणणार होती ते मला आजही ठाऊक नाही, कारण मी तिला वेळच दिला नाही. टेस्टर दातातून काढला आणि म्हणालो, "वायरमन."

यात खोटं काही नव्हतं. बार्शीत स्टँडच्या मागं माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि लोकांच्या घरची वायरिंगची कामंही मी करायचो. फक्त मी याच घरातला धाकटा मुलगा आहे, एवढं सांगायचं राहिलं.

हे सगळं सुरू झालं दोन महिन्यांपूर्वी, दादानं पाठवलेल्या एका पाकिटातून. दादा, म्हणजे अरविंद, पुण्याला सरकारी खात्यात मोठा इंजिनिअर होता. त्याच्या साहेबांच्या आईला कुठल्याशा जिल्ह्यात आदर्श माता पुरस्कार मिळाला होता आणि त्याची पितळी पाटी साहेबांच्या दिवाणखान्यात लागली होती. ती बघून दादाला आपल्यालाही आई असल्याचं आठवलं. ताई, म्हणजे शैलजा, सांगलीला डॉक्टर होती. तिलाही कल्पना पसंत पडली. पाकिटात आठ पानांचा अर्ज होता आणि मागं नियम छापले होते. नियम क्रमांक चार: सर्व अपत्ये किमान पदवीधर असावीत, कारण अपत्यांचे यश हाच मातेच्या संस्कारांचा पुरावा होय.

मी दहावीला दोनदा बसलो होतो आणि दोनदा उठलो होतो. तिसऱ्यांदा परीक्षेला गेलोच नाही. पुरावा म्हणून मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो.

दादानं शेजारच्या सोनटक्क्यांच्या फोनवर फोन केला. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला, मग पावसाचं, मग पुन्हा हवापाण्याचं. शेवटी म्हणाला, "भारत, तू मनाला लावून घेऊ नकोस. नुसतं नियमात बसवायचंय. बाकी काही नाही." मी म्हणालो, बसव. फोन ठेवताना सोनटक्केकाकूंनी विचारलं, काय म्हणतो अरविंद. मी सांगितलं, पावसाचं विचारत होता.

आईनं दोन दिवस त्या अर्जाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती सुपात गहू घेऊन निवडायला बसली आणि मला म्हणाली, पेन आण. अक्षर माझंच चांगलं होतं. शाळेत मला मिळालेलं एकमेव बक्षीस अक्षराचं होतं. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. मग रकाना आला, अपत्यांची एकूण संख्या. मी पेन धरून थांबलो. आई गव्हातले खडे काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन लिही."

मी दोन लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिला तो पुरस्कार हवा होता, हेही मला दिसत होतं. तिला आयुष्यात कधी कुणी खुर्चीवर बसवून हार घातला नव्हता. सख्ख्या पोरांच्या लग्नातही ती कोठीघरात लाडू मोजत बसलेली होती. आणि माझे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, की पोरं हुशार निघाली ती आपल्या सुरवशांच्या रक्तामुळं. आता कुणीतरी सोलापूरहून येऊन लेखी सांगणार होतं, की रक्तानं नाही, या बाईनं घडवली. एवढ्यासाठी माणूस एक पोर खोडेल. मीही मनाशी म्हणालो, होऊन जाऊ दे.

पुढं सतरावा प्रश्न होता: मुलांच्या जडणघडणीसाठी आपण काय केलेत, तीनशे शब्दांत लिहा. आतापर्यंत ओढून ओढून बोलणारी आई इथं सुटलीच. पहाटे चारला उठवायचं, उठला नाही तर तोंडावर पाणी. तीसपर्यंत पाढे, वर पावकी-निमकी. रोज दहा ओळी शुद्धलेखन. डोक्याला ब्राह्मीचं तेल. भिजवलेले बदाम सात, आठ नाहीत, कारण रेडिओवरची बाई सात म्हणाली होती. गल्लीत गोट्या खेळायला बंदी. घरात टीव्ही नाही. मार द्यायचा तो उलथन्याच्या दांड्यानं, आणि मोजून. नऊशे शब्द झाले. मी कापून तीनशेवर आणले. लिहिताना माझा हात दोनदा थांबला, पण आईनं का म्हणून विचारलं नाही.

तर असा तो अर्ज. आणि आता त्या अर्जाची खातरजमा करायला आलेली माणसं आमच्या सतरंजीवर बसली होती आणि मी त्यांच्या डोक्यावर लोंबकळत होतो. खाली उतरून जाता येत नव्हतं, कारण वायरी उघड्या होत्या. शिवाय खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं.

लीलाताईंकडे छापील गुणपत्रिका होती. शाळेत पोरांची असते तशी आयांची. पहाटे उठवणे, दहा गुण. पाठांतर, दहा. शिस्त, पंधरा. मातेचा त्याग, वीस. त्या एकेक विचारत होत्या, आई सांगत होती आणि गुण पडत होते. त्यागाशी येऊन गाडी अडली. लीलाताईंनी विचारलं, आपण स्वतः उपाशी राहून मुलांना घास भरवलात का. आई म्हणाली, उपाशी कशाला, भाकरी होती की घरात. लीलाताईंचं पेन थांबलं. त्यांनी समजावून सांगितलं की या प्रश्नाला वीस गुण आहेत. मग आईला एक एकादशी आठवली.

सरांचं लक्ष मात्र माझ्याकडे होतं. मुख्याध्यापकांना वर्गात कुणी उंचावर उभं असलेलं चालत नसावं. त्यांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मी म्हणालो, दहावी. पास का, विचारलं. मी म्हणालो, नाही. यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी फाइलवर थाप मारली आणि लीलाताईंना म्हणाले, हे लिहून घ्या, हे भाषणात उपयोगी पडेल.

"एकाच गावची हवा, एकच पाणी," ते म्हणाले. "या माउलीची मुलं कुठं पोचली बघा, आणि हा कुठं आहे बघा. फरक कशाचा? आईचा." मग वर बघून मला म्हणाले, "बाळ, तुझ्या आईनं असं लक्ष दिलं असतं, तर आज तू त्या स्टुलावर नसतास."

मला हसू आलं. ते मी पंख्याच्या वाटीत तोंड घालून आवरलं. आई चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"त्याच्या आईला बोलायचं काम न्हाई," ती म्हणाली.

सर म्हणाले, अहो, मी आपलं उदाहरण म्हणून सांगितलं.

"त्याच्या आईनं करायचं काय बाकी ठेवलं न्हाई. तिच्याइतकं तुमच्या फायलीतल्या कुणी केलं नसंल."

"तुम्ही ओळखता का त्यांना?"

"ओळखते की," आई म्हणाली. तिनं तबक पाहुण्यांच्या समोरून नेलं, स्टुलाशी आणलं आणि पहिला कप माझ्या हातात दिला. "चांगली ओळखते. जन्मापासनं."

मग पाहुण्यांना चहा मिळाला. मी स्टुलावर उभ्यानं चहा प्यायलो. खाली लीलाताई सरांच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या आणि लाल पेनानं खसाखसा लिहू लागल्या. मला वाटलं, गेला पुरस्कार. ती माणसं गेल्यावर आई काही बोलेल म्हणून मी वाट बघितली. तिनं विचारलं, पंखा झाला का. मी म्हणालो, झाला.

महिन्यानं पत्र आलं. आईला शंभरपैकी शहाण्णव गुण पडले होते. जिल्ह्यातल्या पाच आदर्श मातांमध्ये ती पहिली आली होती. खाली विशेष उल्लेख होता: सदर मातेच्या ठायी घरी कामास येणाऱ्या अशिक्षित वायरमनविषयीही पोटच्या पोरासारखा जिव्हाळा दिसून आला. आणि तळटीप: सदर वायरमन यास समारंभास अवश्य सोबत आणावे.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि हसत हसत खाली बसलो. आई हसली नाही. पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, "तू यायचं न्हाईस."

मी म्हणालो, बोलावणं आलंय, जायलाच पाहिजे.

"तुला तिथं वायरमन म्हणून उभं करतील."

"मग वायरमनच हाय की मी."

ती आत निघून गेली. मी कबूल करतो, मी चांगल्या मनानं निघालो नव्हतो. दोन लिही म्हणालेल्या बाईला, चारशे लोकांसमोर, माझ्याकडे बघून परकं तोंड करताना मला बघायचं होतं. ती कुठवर जाते ते बघायचं होतं. पंचविशीत माणसाला असल्या गोष्टींची हौस असते.

समारंभ रविवारी सकाळी सोलापुरात एका हॉलमध्ये होता. मी आणि आई एसटीनं गेलो. दादा पुण्याहून गाडीनं आला होता, टाय लावून. ताई जरीच्या साडीत होती. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कागद चिकटवले होते, 'यशस्वी अपत्ये'. दादा आणि ताई त्या कागदांवर टेकून बसले. मी शेवटच्या रांगेत बसलो. थोड्या वेळानं दादा मागं आला आणि हळूच म्हणाला, आलास ते ठीक आहे, पण माझे साहेबही आलेत, तर आता शेवटपर्यंत वायरमनच राहा. मी म्हणालो, काळजी करू नको, माझ्याकडं दुसरी कुठली पदवी नाही. ताई माझ्याकडं यायला उठली होती, पण अर्ध्यातून परत गेली. तिला वाईट वाटत होतं. तिनं आईसाठी भाषणही लिहून आणलं होतं, मोठ्या टपोऱ्या अक्षरात.

व्यासपीठावर पाच आदर्श माता ओळीनं बसल्या होत्या, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. खुर्च्या इतक्या उंच होत्या की दोघींचे पाय जमिनीला टेकत नव्हते. उपळकर सर बोलायला उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. मूल म्हणजे मातीचा गोळा, ते म्हणाले. आई देईल तो आकार. गोळा बिघडला तर दोष मातीचा नव्हे, हातांचा. टाळ्या पडल्या. मातांनीही वाजवल्या.

मग त्यांनी मला बोलावलं. "तो वायरमन आलाय का?" असं त्यांनी माइकवर विचारलं आणि सगळा हॉल मागं वळला. मी गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला लोकांच्या बाजूला तोंड करून उभं केलं आणि बोटानं दाखवत म्हणाले, "हा बघा बिघडलेला गोळा. याचा बिचाऱ्याचा दोष नाही. याच्या आईनं याला घडवलंच नाही. पण या अनसूयाबाई अशा, की दुसरीनं टाकलेल्या पोरालाही पहिला कप देतात."

पुन्हा टाळ्या. सरांनी मला अनसूयाबाईंच्या पाया पडायला सांगितलं. मी वाकलो. दर दिवाळीला वाकत होतो, त्यात नवीन काही नव्हतं. वर आलो तेव्हा आईचा चेहरा दिसला आणि मला इतके दिवस वाटणारी मजा एकदम संपली. मला तिची भीती वाटली, तिच्यासाठी भीती वाटली. मी तोंड न हलवता म्हणालो, "आई, कागद वाच."

तिनं कागद घडी करून कमरेला खोचला आणि माइक हातात घेतला.

"माझं नाव अनसूया रंगनाथ सुरवसे," ती म्हणाली. "सरांनी ह्या पोराच्या आईला आज दुसऱ्यांदा नावं ठेवली. ह्याची आई मी हाय."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लीलाताईंनी रुमाल डोळ्यांना लावला. सर पुढच्या रांगेकडं बघून म्हणाले, याला म्हणतात वात्सल्य. आईनं टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली.

"टाळ्या नका वाजवू. मी मायेनं म्हणत न्हाई. बार्शीच्या दवाखान्यात दीड दिवस कळा सोसून मी ह्याला जन्म दिलाय. अर्जात दोन पोरं लिहिली ते खोटं हाय. मला तीन हायत."

आता मात्र कुणी वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेत दादा स्वतःच्या बुटांकडं बघत होता. सरांनी माइककडं हात नेला. आईनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

"आणि सतरावा प्रश्न. त्यात लिहिलंय ते समदं मी केलंय, त्यातला एक शब्द खोटा न्हाई. पण ज्यांच्या नावावर लिहिलंय त्यांना न्हाई केलं. ह्यांची गिरणी बंद पडली तवा अरविंद सहा वर्षांचा होता. त्याला लातूरला त्याच्या मामाकडं ठेवला. शैला पाच वर्षांची, तिला मिरजेला आत्यानं नेली. दोघं दिवाळीला यायची, चार दिवस राहायची. मी त्यांना पहाटे कधी उठवलं न्हाई, पाहुण्याला कोण उठवतं? मग हा झाला. ह्यांना म्हणलं, ह्याला कुठं धाडायचा न्हाई, ह्याला मी घडवून दाखवते. ते पाढे, ते बदाम, ते उलथनं, समदं ह्याच्यावर केलंय. माझ्या हाताखाली वाढलेलं पोर हे एकटंच. आन् ते नापास झालं."

ते खरं होतं. म्हणूनच लिहिताना माझा हात थांबला होता. तोंडावरचं ते पहाटेचं पाणी माझ्या तोंडावर पडलं होतं, आणि मी ते माझ्याच अक्षरात दादाच्या नावावर लिहून दिलं होतं.

सर म्हणाले, बाई, मग तुमच्या भावजयीनं घडवलं म्हणा ना अरविंदला. त्यांना काहीतरी धरायला सापडलं होतं.

"म्हणते की. पण वहिनीची स्वतःची दोन पोरं त्याच ताटात जेवली. त्याच दिव्याखाली बसली. एक लॉटरीची तिकिटं विकतो आन् दुसरा काय करतो ते तिलाच ठाऊक न्हाई. सर, तुम्ही हेडमास्तर. तुमच्या एका वर्गात साठ पोरं, शिकवणारे तुम्ही एकटे. साठच्या साठ कलेक्टर झाली का? मला काय कळंना झालंय. मी काय केल्यानं काय झालं ते मला ठाऊक न्हाई. तुम्हाला ठाऊक आसंल तर सांगा, मी शाल परत देऊन जाते."

सर म्हणाले, हा त्याचा मंच नव्हे. एवढं बोलून ते लीलाताईंकडं वळले. दोघांनी फाइल उघडली आणि नियम वाचायला सुरुवात केली. अपत्य जास्त निघाल्यास काय करायचं, याचा नियम नव्हता. शेवटी लीलाताईंनी टेबलावरचं आईचं सन्मानचिन्ह उचललं आणि टेबलाखाली ठेवलं. शाल काढून घ्यायला मात्र कुणी पुढं आलं नाही.

आईनं माइक आपल्या खुर्चीवर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला राग आला होता. आता अख्ख्या जिल्ह्याला कळलं होतं, की तो बिघडलेला गोळा कुणाचा.

"काय गरज होती?" मी म्हणालो.

"तुझ्यासाठी न्हाई बोलले. त्यानं मला दोनदा नावं ठेवली."

"मग दोन लिही कशाला म्हणालीस?"

"मी म्हणले. तू लिहायचं नव्हतंस."

"तू सांगितलंस म्हणून लिहिलं."

"सांगितलेलं कधी ऐकलंस तू?" आई म्हणाली. "पंचवीस वर्षांत एकदा ऐकलंस, ते बी नको तिथं."

तेवढ्यात मागं माइक खरखरला. टोकाच्या खुर्चीवरच्या सोजरबाई उठून आल्या होत्या. करमाळ्याच्या, सत्तरीच्या, त्यांचे दोन मुलगे पहिल्या रांगेत, एक वकील आणि एक प्राध्यापक. त्यांनी आईच्या खुर्चीवरचा माइक उचलला होता आणि तो बोलण्यासाठी कुठल्या बाजूनं धरतात ते बघत होत्या.

"माझा बी एक हाय," त्या म्हणाल्या. "थोरला. ह्या दोघांनी कागदावर घेतला न्हाई."

वकील उभा राहिला आणि म्हणाला, आई, बस. सोजरबाई बसल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या बाईंनी, ज्या सगळ्यांत तरुण होत्या आणि ज्यांचे तिन्ही जावई डॉक्टर असल्याचं सरांनी दोनदा सांगितलं होतं, मांडीवरचा नारळ खाली ठेवला आणि माइकशिवायच म्हणाल्या, मला चौथी मुलगीही आहे. मग त्या रडू लागल्या. खाली लोक कुजबुजू लागले. कुणीतरी मागून विचारलं, अजून कुणाचं आहे का. फोटोग्राफर फोटो काढायचा थांबला आणि नुसता बघत उभा राहिला.

सरांनी लीलाताईंना खूण केली. लीलाताईंनी अजिबात वेळ न घालवता राष्ट्रगीत सुरू केलं. कार्यक्रमपत्रिकेत ते अजून तासभर दूर होतं. त्यांनी पट्टी फार वरची धरली होती, त्यामुळं मधल्या ओळींत त्या एकट्याच उरल्या. पण राष्ट्रगीत ते राष्ट्रगीत. सगळा हॉल उभा राहिला, हात बाजूला, तोंड बंद. दादा सावधान, साहेब सावधान, वकील सावधान. पाचही माता ताठ उभ्या. मीही उभा राहिलो. शेजारी आई उभी होती आणि तिचा श्वास लागला होता, तो मला ऐकू येत होता. बावन्न सेकंद त्या हॉलमध्ये कुणाचं पोर किती, हे कुणाला बोलता येईना.

राष्ट्रगीत संपलं. बसावं की निघावं, ते न कळून लोक तसेच उभे राहिले. सरांनी कार्यक्रम संपल्याचं सांगायला माइक शोधला. तो सोजरबाईंच्या हातात होता. राष्ट्रगीतभर त्यांनी तो छातीशी धरून ठेवला होता. आता त्यांनी तो तोंडाशी नेला आणि लीलाताईंच्या वहीकडं बोट केलं.

"त्याचं नाव नागनाथ," त्या म्हणाल्या. "लिवून घ्या."